पुण्याची फियाट : एका दीर्घायुषी मोटारीचा इतिहास

पुण्याच्या एरंडवणें, प्रभात रस्ता, डेक्कन जिमखाना या भागांतील जुन्या बंगल्यांच्या आवारांत अजूनहि क्वचित् एखादी फियाट मोटार उभी असलेली दृष्टीस पडते. तिच्या पाठीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ अशीं अक्षरें असलीं तरी घरांतील लहानथोर तिला फियाट याच नांवानें ओळखतात. मुंबईस कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी तयार होणें विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडलें. म्हणजे या जातीची अगदीं शेवटची गाडी घेतली तरी तिचें वय आज पंचविशीच्या घरांत जातें. आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गाड्याहि कोठें कोठें चालत्या आहेत. आजोबांनीं घेतलेली मोटार नातवानें चालवावी, ही गोष्ट ज्या देशांत मोटारीचा जन्म झाला तेथेंहि सामान्य गणली जात नाहीं. आपल्याकडे ती कशी घडून आली, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

या प्रश्नाचें ठरीव उत्तर असें कीं, पुणेकर मोठा काटकसरी. त्याला जुनें टाकवत नाहीं. विनोदाला हें उत्तर बरें आहे. परंतु काटकसर कांहीं एकट्या पुण्याच्या वांट्यास आलेली नाहीं. आणि खरा काटकसरी माणूस खर्चांत पाडणारें यंत्र सर्वांच्या आधीं मोडीत काढतो. दुसरें उत्तर इटालियन कारागिरीचें. तेंहि अपुरें पडतें, कारण खुद्द इटलींत ही गाडी रोजच्या वापरांतून केव्हांच निघून गेली. माझ्या मतें खरें कारण निराळें असून तें थोडें चमत्कारिक आहे. ज्या धोरणानें आपल्या मोटारधंद्याची वाढ खुंटविली, त्याच धोरणानें या गाडीला दीर्घायुष्य दिलें.

स्वातंत्र्यापूर्वीं हिंदुस्थानांत मोटारी बनत नव्हत्या, नुसत्या जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीहि मागोमाग आली. सुटे भाग पेट्यांत भरून आगबोटीनें यावयाचे, येथें ते एकमेकांस बसवावयाचे आणि गाडी विकावयाची, असा तो व्यवहार. संपूर्ण मोटार याच देशांत तयार व्हावी ही कल्पना ज्यांनीं नेटानें मांडली त्यांत सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या अग्रगण्य होते, आणि ती प्रत्यक्षांत आणण्याचा ध्यास वालचंद हिराचंद यांनीं घेतला. या दोघांचाहि पुण्याशीं संबंध आहे. विश्वेश्वरय्या १८८३ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढें त्यांनीं योजलेले आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याच्या धरणास बसले. वालचंद मूळचे सोलापूरचे. कांहीं काळ डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत त्यांनीं वसविलेलें वालचंदनगर आजहि त्यांचें नांव सांगत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं वालचंदांनीं मोटारींचा कारखाना काढण्याची खटपट केली, परंतु त्या उद्योगास युद्धोपयोगी म्हणून मान्यता देण्यास तत्कालीन सरकार तयार झालें नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडण्यास १९४७ साल उजाडलें. त्या गाड्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या घाटाच्या होत्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशीं त्यांचीं नांवें. ऐसपैस, भारदस्त आणि पेट्रोलला मागेंपुढें न पाहणाऱ्या! वकील, डॉक्टर किंवा प्राध्यापक अशा मध्यम स्थितींतील माणसाला पेलणारी ती वस्तु नव्हती. त्याची सोय झाली ती इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाल्यावर. प्रथम लहानगी फियाट ५०० आली, आणि १९५४ सालीं फियाट ११००. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजीं निवर्तले होते. ज्या गाडीनें त्यांच्या कारखान्याचें नांव घरोघर पोंचविलें, ती त्यांना पाहावयास मिळाली नाहीं.

त्यांच्या मृत्यूच्याच वर्षीं या धंद्याचें पुढील वळण ठरलें. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें धोरण आंखलें कीं, क्रमाक्रमानें सर्व भाग येथेंच तयार करण्याची योजना ज्यांच्यापाशीं असेल त्यांनींच मोटारींच्या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं आपला गाशा गुंडाळला. उतारूंच्या लहान मोटारींपुरतें बोलावयाचें तर मुख्यतः तीन कारखाने उरले : कुर्ल्याचा प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, आणि मद्रासचा स्टँडर्ड. नवा घाट आणावयाचा म्हणजे नवे साचे, नवीं यंत्रें, त्यांसाठीं परकीय चलन, आणि त्या सर्वांसाठीं परवाना. परकीय चलनाची तर सदाच टंचाई. शिवाय जी गाडी तयार होईल ती हातोहात खपत असतां कारखानदारानें नव्याच्या मागें धांवावें तरी कशाला?

तेव्हां १९५४ सालची गाडीच थोडथोडी पालटत गेली. पहिल्या गाडीचीं पुढचीं दारें उलट्या बाजूस उघडत. तिच्या पुढें आलेल्या वाटोळ्या तोंडवळ्यावरून मराठी माणसानें तिला ‘डुक्कर फियाट’ असें निःसंकोच नांव देऊन टाकलें. त्यांत तुच्छतेपेक्षां लडिवाळपणाच अधिक होता. १९५८ सालीं ‘एलिगंट’ आली, मग ‘सुपर सिलेक्ट’, आणि १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’. येथपासून बदल जवळजवळ थांबला. १९७४ सालीं तिला चितोडच्या राणीचें, पद्मिनीचें नांव मिळालें. नांव निराळें, गाडी तीच. एंजिनाची वंशावळ तर याहूनहि जुनी आहे. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटीमीटरचें हें एंजिन फियाटनें १९३७ सालच्या आपल्या ११०० गाडीसाठीं काढलें. दांते जाकोसा या अभियंत्याचें तें काम. इटलींत ११०० गाडीचें उत्पादन १९६९ सालीं संपलें. कुर्ल्यास त्याच मापाचें एंजिन त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें बनत होतें! अभियंत्याच्या दृष्टीनें ही अभिमानाची गोष्ट खास नव्हे. परंतु गाडीच्या मालकाला तिचें फळ काय मिळालें, तें पाहिलें पाहिजे.

पहिलें फळ कडूच होतें. १९८० च्या सुमारास सबंध देशांत मिळून वर्षाकाठीं तीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत. नांव नोंदवावें, अनामत रक्कम भरावी आणि पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षें वाट पाहावी, असा क्रम. १९५९ सालीं मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा सरकारी आदेश निघाला. किंमतीहि सरकारनें बांधून दिल्या. त्यावरून कारखानदारांनीं काढलेला वाद १९७० नंतरच्या वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवी गाडी बांधलेल्या भावानें, परंतु मिळावयाची नाहीं. जुनी गाडी समोर उभी, परंतु बाजारभावानें. यामुळें चालू स्थितींतील जुनी गाडी नवीपेक्षां महाग जावी असा उफराटा प्रकारहि घडे. अशा परिस्थितींत मोटार ही वापरून टाकावयाची जिन्नस उरली नाहीं, ती मिळकत झाली. घर बांधावें तशी तिची तजवीज करावयाची. आणि एकदां दारांत आली कीं सोडावयाची नाहीं, कारण विकणें सोपें, परंतु दुसरी मिळविणें कठीण. पुणेकरांच्या काटकसरीचा जो भाग खरा आहे तो एवढाच.

परंतु ठेवावयाची इच्छा असून भागत नाहीं. ठेवतां आली पाहिजे. येथें त्या न बदलणाऱ्या घाटानें आपला दुसरा हात पुढें केला. डिलाइटपासून पुढें बनलेल्या गाड्यांचे बहुतेक झिजणारे भाग एकमेकांस चालत. १९६८ सालच्या गाडीचा क्लच गेला तर १९८८ सालचा बसे. त्यांत मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं हीच गाडी पसंत केलेली. हजारों टॅक्सी दिवसरात्र धांवणार, त्यांचे ब्रेक-लायनर, पाटे, बेअरिंगें, पिस्टन सारखे झिजणार, म्हणून ते भाग लहानमोठ्या कारखान्यांतून मुबलक आणि स्वस्त बनणार. पुण्यांतील घरगुती फियाटवाला आठवड्यांतून चार वेळां गाडी बाहेर काढी. परंतु त्याच्यासाठीं नाना पेठेंतील दुकानांत जो माल भरलेला असे, तो मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या जिवावर. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें तिचाच धागा तुटला.

भागांपेक्षांहि मोलाचें होतें तें मेस्त्रीचें ज्ञान. या गाडीचें टोपण उघडलें कीं सर्व कांहीं डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे : कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पेट्रोलचा पंप, पट्टा, पाण्याची टाकी. पॉइंट काळे पडले म्हणजे सॅंडपेपरनें घासावयाचे आणि त्यांमधील अंतर जुळवावयाचें. प्लग काढून काजळी पुसावयाची. थंडींत सकाळीं चोक ओढून एंजिन ऊब घेईतोंवर थांबावयाचें. हें घरचा माणूसहि करी. एंजिन तेल खाऊं लागलें, मागून निळा धूर येऊं लागला, कीं मेस्त्री म्हणे, आतां बोअर करूं या. म्हणजे झिजलेल्या सिलिंडरांचीं भोंकें किंचित् मोठीं करून आंत त्या मापाचे मोठे पिस्टन घालावयाचे. असें कांहीं वेळां झालें कीं भोंकांत नव्या नळ्या ठोकून पुनः मूळच्या मापावर यावयाचें. अशा रीतीनें तेंच एंजिन दुसरा, तिसरा जन्म घेई. आजच्या गाडींत बिघाड झाला तर संगणक तो कोणत्या पेटींत आहे तें दाखवितो आणि ती पेटी बदलावी लागते. त्या काळच्या मेस्त्रीला आवाजावरून दुखणें ओळखावें लागे, आणि तीस वर्षें तोच आवाज ऐकून त्याचा कान तयार झालेला असे. तो कान तयार होण्यास तीच गाडी तीस वर्षें टिकावी लागते, हें उघडच आहे.

मग हा लाभ एकट्या पुण्यालाच का? नाहीं, नागपूर, नाशिक, कोल्हापूर येथेंहि तो होता. तथापि पुण्याला एक गोष्ट जन्मतः अनुकूल होती, ती म्हणजे हवा. ११०० ही स्वतंत्र सांगाड्यावर पेटी बसविलेली गाडी नव्हे. तिचा पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा. एंजिन बदलतां येतें, पाटे बदलतां येतात, परंतु तळाचा पत्रा व बाजूच्या पट्ट्या गंजून कुजल्या कीं गाडीचा कणाच मोडला. मुंबईस वर्षाला दोनशें सेंटीमीटरांहून अधिक पाऊस आणि त्यावर समुद्राची खारी हवा. पुण्यांत पाऊस सुमारें सत्तर सेंटीमीटर, खारेपणा नाहीं, आणि उरलेलें वर्ष कोरडें. शिवाय जुन्या पुण्यांतील अंतरें तीं किती! घरापासून दवाखाना, दवाखान्यापासून मंडई, रविवारीं पर्वतीचा पायथा. एवढ्याशा फेरफटक्यांत पत्राहि टिकला आणि एंजिनहि.

लांबचा प्रवास मात्र सोहळा असे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळें पुढची बैठक सलग होती. तिच्यावर तीन माणसें व मांडीवर एक मूल सहज मावे. मागें तितकींच. अशी भरलेली गाडी महाबळेश्वरास निघाली म्हणजे कात्रजच्या घाटांत एंजिन तापूं लागे, खंबाटकींत कांटा वर चढे, आणि टोपण उघडून, पाणी निवेपर्यंत झाडाखालीं बसून घरचे पोहे संपविले जात. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचें तें यंत्र. त्याच्याकडून घाईची अपेक्षा करणेंच चूक. मालकाला आपल्या गाडीचीं सर्व दुखणीं ठाऊक असत, आणि ‘विश्वासू गाडी’ या शब्दाचा त्याच्या मनांतील अर्थ बिघडत नाहीं ती असा नसून, काय बिघडणार तें आधीं कळतें ती, असा होता.

येथें दुसरी बाजू सांगितली नाहीं तर या इतिहासाला गहिंवराचें स्वरूप येईल. ज्या घरांत फियाट होती त्यांच्या आठवणी गोड आहेत. परंतु ज्यांचें नांव यादींतच राहिलें त्यांच्याहि आठवणी आहेत, आणि ते संख्येनें कितीतरी अधिक. खात्रीचें गिऱ्हाईक असल्यामुळें कारखान्यानें ब्रेक सुधारण्याची, पेट्रोल वांचविण्याची किंवा अपघातांत आंतल्या माणसाच्या रक्षणाची त्वरा केली नाहीं. स्टिअरिंग जड, पावसांत कांचेच्या कडेनें पाणी आंत, आणि धुराची गोष्ट तर बोलावयासच नको. गाडी दुरुस्त होत असे हें खरें. परंतु तिला इतक्या दुरुस्तीची गरज पडत असे, हेंहि तितकेंच खरें.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लीस पहिली मारुति ८०० गिऱ्हाइकाच्या हातीं पडली आणि या बंदिस्त जगाला खिंडार पडलें. तीन सिलिंडरांची, ७९६ घन सेंटीमीटरची ती हलकी जपानी घाटाची गाडी थंडींतहि चटकन् सुरू होई व थोड्या पेट्रोलांत लांब जाई. १९९३ सालीं मोटारधंद्याचे परवाने उठले. पद्मिनी आणखी कांहीं वर्षें टॅक्सीच्या मागणीवर तग धरून राहिली आणि शतक संपतांना कुर्ल्याचें तें पान उलटलें. पुणें याच सुमारास मोटारींचें गांव झालें, हा योगायोग लक्षांत येण्याजोगा आहे. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरांत जाहीर झाली ती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून; फियाट कंपनी पुढें रांजणगांवीं आली; आणि प्रीमियरनें २००९ सालीं आपली ‘रिओ’ काढली ती चिंचवडास. पुण्यानें जी गाडी सर्वांत अधिक काळ जतन केली, ती मात्र पुण्यांत कधींच बनली नाहीं.

त्यानंतरचा काळ हा जतन करणाऱ्यांच्या कसोटीचा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालें, तें लोकांच्या आरोग्यासाठीं योग्यच झालें. परंतु जुन्या एंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा आधार असे, त्यांची काळजी मालकांना लागली. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतें. पूर्वींच्या रबरी नळ्या आणि पंपांतील पडदा त्यानें फुगतो, मऊ पडतो. जाणता मालक त्या नळ्या बदलून घेतो. हीं संकटें उपायापलीकडचीं नाहींत. खरें संकट तें मघाशीं सांगितलेल्या धाग्याचें. मुंबईंत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा पडली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती, तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. टॅक्सी गेली, तिच्याबरोबर भागांची मागणी गेली, आणि मागणी गेल्यावर ते बनविणाऱ्या कारखान्यांनीं आपले साचे दुसऱ्या कामास लावले. आज मालक जुन्या बाजारांत, भंगारांत निघालेल्या गाड्यांच्या अंगावर, आपला भाग शोधीत हिंडतात. जे मेस्त्री कार्ब्युरेटर कानानें जुळवीत ते साठी-सत्तरीस पोंचले आहेत. त्यांच्या मुलांनीं संगणकाची तपासणी शिकून घेतली, आणि त्यांना दोष कसा द्यावा? आठवड्याला एक फियाट येऊन संसार चालत नाहीं.

कायदाहि कठोर होत चालला आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावयाची, आणि महाराष्ट्रांत त्यावर पर्यावरण कर भरावयाचा. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठीं ती २०२५ सालीं १०,००० करण्यांत आली. यांत हेतु धूर कमी करण्याचा आहे व तो नाकारतां येणार नाहीं. परंतु महिन्याला शंभर किलोमीटर चालणारी, नीट राखलेली गाडी आणि दिवसाला तितकीच चालणारी दुर्लक्षित गाडी यांना एकच पट्टी लावणें मला न्याय्य वाटत नाहीं. वयापेक्षां धूर मोजावा. तो मोजण्याचीं यंत्रें आपल्यापाशीं आहेत. वेताळ टेकडीवरची मोटार-संशोधन संस्था १९६६ पासून अशाच मोजमापांचें काम करीत आलेली आहे.

एक वाट कायद्यानें मोकळी ठेवली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें घालण्यांत येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठीं नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची मिरवणूक अशा प्रसंगांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. डुक्कर फियाट, एलिगंट आणि डिलाइट या वयांत केव्हांच बसल्या. १९७४ सालची पद्मिनी २०२४ मध्यें पन्नाशीची झाली. परंतु १९९५ सालच्या पद्मिनीला त्यासाठीं २०४५ सालाची वाट पाहावयाची आहे, आणि तोंपर्यंत दर पांच वर्षांनीं तिला तपासणीच्या रांगेंत उभें राहावयाचें आहे.